आलं असतंच की ग्रुपवर!

'महत्त्वाचं असेल तर कळतंच की!' पेपर बंद केलेला माणूस हल्ली हे इतक्या ठसक्यात सांगतो, की पेपर घेणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. बातमी शोधायला कशाला जायचं, ती आपणहून खिशात येते, असा हा पक्ष.

येते खरी. पण पाठवतं कोण, आणि कशापायी? पाणीपट्टी वाढवण्याचा ठराव कोणी 'सर्वांना पाठवा' म्हणून पुढे ढकलत नाही. भीती आणि संताप मात्र बिनपगारी हरकाऱ्यासारखे धावतात. २०१८ साली 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हे असंच धावत गावोगाव पोचलं. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडे बाजारी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पाठवणाऱ्याच्या बोटाला लगाम बसला. 'हे सांगितलं कोणी?' एवढं विचारायचं काम वाचणाऱ्याकडेच राहिलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: पेपर तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत? नाहीतच. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात बातमी म्हणून छापलेल्या जाहिरातींचं प्रकरण पत्रकार पी. साईनाथ यांनी उघड केलं, ते काही मराठी पत्रकारितेला भूषणावह नव्हतं. पण ते सापडलं कसं, हे पाहा. एरवी एकमेकांची स्पर्धक असलेल्या दैनिकांत एका नेत्याची तीच स्तुती शब्दन् शब्द सारखी छापून आली होती. दोन अंक शेजारी ठेवणाऱ्यालाच ते दिसलं असतं. म्हणजे हा आक्षेप एक पेपर बंद करायला सांगत नाही. अधूनमधून दुसराही चाळा, असं सांगतो. शिवाय छापलेला अंक उद्या दाखवता येतो. फॉरवर्ड 'डिलीट फॉर एव्हरीवन' होतं.

तिसरा पक्ष मनःशांतीवाल्यांचा. बातम्यांनी डोकं फिरतं, म्हणून त्यांनी त्या सोडल्या. सोडता येतात ही चैन आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि दुसऱ्या दिवशी लासलगावात लिलाव अडले. ज्याचा माल ट्रॅक्टरमध्ये भरलेला होता, त्याने मनःशांतीसाठी बातम्या सोडायच्या म्हणजे काय करायचं?

तरी दिवसभर चॅनेल लावून बसणाऱ्यांची वकिली मी करणार नाही. 'ब्रेकिंग'ची लाल पट्टी वाचून कोणाला काही कळल्याचं माझ्या पाहण्यात नाही. सकाळी ७.१० च्या आकाशवाणी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, मग एक पेपर, आणि तो मागून पुढे. आधी बाजारभाव, मग बारीक टायपातल्या जाहीर नोटिसा. गट नंबर, चतुःसीमा, 'हरकत असल्यास कळवावे' ही भाषा रुक्ष आहे, आमच्या घरी तिची टिंगलही होते. पण कोणाच्या जमिनीचा व्यवहार चाललाय, कुठल्या आराखड्यात फेरबदल होतोय, हे पहिल्या पानाच्या कितीतरी आधी तिथे येतं. ग्रामसभेची नोटीस लावलेला फळाही असाच. त्याच्याखाली उभं राहून चहा पिणारे पुष्कळ, वाचणारे थोडे.

आमच्या शेजाऱ्यांच्या कुंपणावर गेल्या वर्षी रस्तारुंदीची लाल खूण पडली. 'आम्हाला कोणी कळवलंच नाही! असतं तर आलं असतंच की ग्रुपवर!' ते तावातावाने म्हणाले. मी रद्दीतून अंक काढला. सहाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात नोटीस होती; हरकतींची मुदत टळून गेलेली. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.