हेर बाईवर हसता आलं पाहिजे

दिवाळी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात, शंकरपट ठरतात आणि गावोगावी नाटकाचे मंडप उभे राहतात. वडसा हे या रंगभूमीचं मुख्य ठाणं. पण आपल्या सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावनेही सदानंद बोरकरांसारखा नाटककार-दिग्दर्शक तिला दिला आहे. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणाऱ्या या नाटकांत प्रेक्षकाला दोन माणसं हमखास हवी असतात. एक पोट धरून हसवणारा विनोदी नट, आणि दुसरा मनापासून शिव्या घालाव्यात असा खलनायक. हसवण्याच्या कलेचं मोल इथे प्रत्येकाला कळतं. २०२३ साली विनोदी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अख्ख्या झाडीला तो आपलाच सन्मान वाटला, तो त्यामुळेच. तरीही आपल्या नाटकांत, आणि एकूणच मराठी-हिंदी पडद्यावर, एक पात्र मला क्वचित भेटतं. ते म्हणजे हसवणारी खलनायिका. खलपुरुषाला विनोदी व्हायची मुभा असते. ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूला मुलं घाबरतातही आणि हसतातही. बाई वाईट असली की मात्र ती बहुधा विषारीच असते. तिचा तिरस्कार करायचा आणि शेवटी तिचं वाटोळं झालेलं पाहून घरी जायचं. ही उणीव निव्वळ करमणुकीतली नाही, तिची किंमत समाजात खऱ्या स्त्रिया मोजतात, असं मला वाटतं. हे म्हणणं पटवण्यासाठी मी एका जुन्या अमेरिकन कार्टूनमधल्या हेर बाईची साक्ष काढणार आहे. तिचं नाव नताशा फटाल.

‘रॉकी अँड हिज फ्रेंड्स’ ही मालिका १९ नोव्हेंबर १९५९ रोजी अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर सुरू झाली. १९६१ मध्ये ती ‘द बुलविंकल शो’ या नावाने एनबीसीवर गेली आणि १९६४ पर्यंत चालली. जे वॉर्ड हे निर्माते, तर बिल स्कॉट हे मुख्य लेखक. रॉकी ही उडती खार आणि बुलविंकल हा मूस, म्हणजे रुंद शिंगांचं एक थोराड हरीण, हे तिचे नायक. मिनेसोटा राज्यातल्या एका काल्पनिक गावात राहणाऱ्या या साध्याभोळ्या जोडीच्या मागे पॉट्सिल्व्हेनिया नावाच्या काल्पनिक देशाचे दोन हेर लागलेले असतात. एक ठेंगणा, मिशाळ बोरिस आणि दुसरी उंच, फिकट चेहऱ्याची, काळ्याभोर केसांची नताशा. अंगाला घट्ट बसणारा लांब झगा, जड परदेशी उच्चार आणि बोरिसला दर दोन वाक्यांमागे ‘डार्लिंक’ अशी हाक. पहिली कथा रॉकेटच्या इंधनाच्या सूत्राची होती आणि ती चाळीस भाग चालली. सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडून दोनच वर्षं झाली होती. रॉकेट आणि इंधन हे शब्द तेव्हा अमेरिकेत कुणी हसत हसत उच्चारत नव्हतं. अशा काळात हेरगिरी हा मुलांच्या हसण्याचा विषय झाला.

ही गोष्ट किती धाडसाची होती, हे कळायला आधीचा साचा पाहावा लागतो. घातकी स्त्रीची कल्पना जगात सगळीकडे आहे आणि आपल्याकडे ती फार जुनी आहे. ‘मुद्राराक्षसा’त शत्रूला मारायला पाठवलेली विषकन्या आहे. भागवतात कंसाने धाडलेली पूतना सुंदर रूप घेऊन गोकुळात शिरते. या कथांमध्ये बाईचं सौंदर्य हेच शस्त्र, आणि तिच्या देहातच विष. युरोपाने हा साचा एका जिवंत बाईवर बसवला. मार्गारेथा झेले ही डच नर्तकी. माता हारी या नावाने ती पॅरिसमध्ये नाचत असे आणि आपण पूर्वेकडच्या मंदिरांतून हे नृत्य शिकल्याचं सांगत असे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सने तिला जर्मनांची हेर ठरवून १५ ऑक्टोबर १९१७ रोजी गोळ्या घातल्या. तिच्याविरुद्धचा पुरावा किती कच्चा होता, यावर इतिहासकार आजही बोट ठेवतात. पण तिची कीर्ती, तिचे प्रियकर, तिचा नाच हाच तिच्याविरुद्धचा मोठा पुरावा होऊन बसला. अमेरिकेत १९ जून १९५३ रोजी ज्युलियस आणि एथेल रोझेनबर्ग या पतिपत्नींना सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केल्याबद्दल विजेच्या खुर्चीवर मारलं गेलं. पतीचा सहभाग पुढे बऱ्यापैकी सिद्ध झाला. एथेलने गुप्त टिपणं टंकलिखित केली, असं मात्र तिच्या सख्ख्या भावाने न्यायालयात सांगितलं होतं आणि तिच्या शिक्षेत त्या साक्षीचं वजन मोठं होतं. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, २००१ मध्ये, आपल्याला तसं काही आठवत नव्हतं आणि स्वतःच्या बायकोला वाचवण्यासाठी आपण ते बोललो, हे त्यानेच मान्य केलं. एथेलच्या मागे दोन लहान मुलं होती. नताशा पडद्यावर आली ती या घटनेनंतर अवघ्या सहा वर्षांनी, त्याच देशात.

नताशाचे रेखाटनकार तोच जुना साचा उचलतात. झगा तोच, केस तेच, डोळ्यांतली धग तीच. पण आत बाई वेगळीच बसवतात. मोहात पाडून गुपित काढणं हे तिचं मुख्य काम नाहीच. ती राबते. वेषांतर करते, ओझी वाहते, बोरिसच्या खुळ्या बेतांना शंका विचारते, तो ऐकत नाही म्हणून निमूट साथ देते. मग बोरिसचा बॉम्ब त्याच्याच हातात फुटला की काजळी तिच्याही तोंडाला लागते. वर ‘फिअरलेस लीडर’ नावाचा हुकूमशहा आहे. तो हुकूम सोडतो आणि अपयश आलं की धमकावतो. म्हणजे नताशा ही मुळात एका दुष्ट राज्याची खालच्या पायरीवरची नोकरदार आहे. ही नजर वाटते तितकी नवी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हेरांच्या यादीत परिव्राजिका येते. ती कोण? पोटापाण्याची गरज असलेली, गरीब, विधवा, बोलायला धीट अशी ब्राह्मण स्त्री. अंतःपुरात तिचा मान राखायचा आणि तिला मोठ्या अधिकाऱ्यांच्या घरी जा-ये करू द्यायची, असं तो सांगतो. राज्य प्रत्यक्ष चालवण्याचा विचार करणाऱ्या कौटिल्याला हेर बाईच्या मागची गरिबी आणि पोट दिसलं. कथा रचणाऱ्यांना बहुतेक वेळा फक्त विष दिसलं. नताशाच्या लेखकांनी विनोदाच्या वाटेने कौटिल्याच्याच जागी येऊन पाहिलं, असं मी म्हणेन. हसू आलं की साच्याची भीती गळून पडते. मग समोर उरतं एक चुकीच्या धन्याची चाकरी करणारं माणूस.

याला आवाजाचीही साथ आहे. नताशाचा आवाज जून फोरे यांचा होता, आणि नायक रॉकीचा आवाजही त्यांचाच. एकाच कंठातून भोळा, शूर खारपोऱ्या बोलत होता आणि त्याच्या जिवावर उठलेली हेर बाईही. १९१७ साली, माता हारीच्या मृत्यूच्या महिनाभर आधी जन्मलेल्या या कलावतीने पुढे नव्वदी ओलांडल्यावरही काम केलं. २०१२ मध्ये, वयाच्या चौऱ्याण्णवाव्या वर्षी त्यांना एमी पुरस्कार मिळाला आणि २०१७ मध्ये त्यांचं निधन झालं. अॅनिमेशन कलावंतांचा गौरव करणारे अॅनी पुरस्कार सुरू होण्यामागेही त्या होत्या. भला आणि बुरा या दोन वेगळ्या जाती नाहीत, एकच माणूस दोन्ही सुरांत बोलू शकतो, ही गोष्ट त्यांच्या कामातून कानाला आपसूक पटते. आपल्या दंडारीत पुरुष लुगडं नेसून बाईचं सोंग आणतो आणि त्याच रात्री दुसरं सोंगही वठवतो. सोंग आणि माणूस यांतला फरक तेव्हा प्रेक्षकाला नीट कळत असतो. म्हणून झाडीच्या प्रेक्षकाला हे समजावून सांगायची गरज पडू नये.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ही मालिका म्हणजे शीतयुद्धाचा प्रचार होता. परक्या उच्चारांची बाई दाखवायची, तिला दुष्ट ठरवायचं आणि मुलांना शत्रू देशावर हसायला शिकवायचं. या आक्षेपात तथ्य आहे. रशियन वळणाचे उच्चार उघडच चेष्टेसाठी वापरले आहेत आणि ते मी झाकणार नाही. पण प्रचाराची खूण अशी की तो आपल्या बाजूला हात लावत नाही. ही मालिका हात लावते. तिच्या एका कथेत बोरिस धान्याच्या नाश्त्याच्या खोक्यांची झाकणं बनावट छापतो आणि त्यामुळे जगाचा आर्थिक व्यवहार कोसळू लागतो. मालिकेची प्रायोजक जनरल मिल्स कंपनी स्वतः तोच नाश्ता विकत होती. दुसऱ्या एका कथेत माणसाला मूर्ख बनवणारा वायू सोडला जातो आणि त्या निमित्ताने अमेरिकेच्या राजधानीतल्या पुढाऱ्यांचीही टर उडते. शिवाय पॉट्सिल्व्हेनियाचा हुकूमशहा एका डोळ्याचा चष्मा लावलेला, जुन्या जर्मन सेनाधिकाऱ्याच्या थाटाचा आहे. तो कोणा एका देशाचा न राहता हुकूमशाहीचाच चेहरा होतो. हसण्याचा रोख दोन्हीकडे असला की प्रचाराची धार बोथट होते.

दुसरा आक्षेप स्त्रीच्या बाजूने येईल, आणि तो अधिक गंभीर आहे. बाईला दुष्ट दाखवून वर हास्यास्पदही करायचं, तर त्यात तिचा सन्मान कसला? इथे मी दुसरी बाई समोर ठेवतो. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये अजितच्या तेजाच्या शेजारी बिंदूने रंगवलेली मोना आहे. ‘मोना डार्लिंग’ हे शब्द पुढे घराघरांत गेले. पण मोना स्वतः काय करते, हे फार थोड्यांना आठवतं, कारण तिला खलनायकाच्या बाजूला शोभेसाठी बसवलेलं होतं. तिथे ‘डार्लिंग’ म्हणणारा पुरुष आणि ऐकणारी बाई. नताशाकडे हाक मारणारी ती आहे, शंका काढणारी ती आहे आणि बेत फसण्याआधी फसणार हे ओळखणारीही अनेकदा तीच. ती बोरिसच्या मागे दुसऱ्या क्रमांकावर राहते, हे खरं. १९९२ मध्ये या दोघांवर चित्रपट निघाला, त्यातही नाव आधी बोरिसचंच. ही मर्यादा मी मान्य करतो. पण हसवण्यासाठी पात्राला स्वतःची बुद्धी लागते, स्वतःचा त्रागा लागतो, कामात हात लागतो. पुतळ्यावर कोणी हसत नाही. बाईला विनोदाचा वाटा देणं म्हणजे तिला कर्तेपण देणं, आणि कर्तेपणाशिवाय सन्मान पोकळ राहतो.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे आणि तो मला सर्वांत जड वाटतो. अमेरिकेत हेर हा विनोद असेल, पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात ‘खबऱ्या’ हा शब्द जिवावर बेततो. पोलिसांचा खबऱ्या ठरवून माओवाद्यांनी गावातल्या माणसाला ठार केलं, ही बातमी गडचिरोलीने गेल्या चार दशकांत कितीतरी वेळा वाचली आहे. मारला जाणारा बहुधा गरीब आदिवासी असतो. बाईच्या बाबतीत संशयाला आणखी एक जुनं नाव आहे, करणी करणारी. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो होऊन जवळपास आठ वर्षं झाल्यावर, ऑगस्ट २०२१ मध्ये, आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात करणीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. अशा भूमीत हेर बाईवर हसा म्हणणं निर्दयपणाचं नाही का? माझं उत्तर असं की ज्या संशयाने हे सगळं घडतं, त्याची मुळं नेमकी त्या गंभीर, विषारी साच्यात आहेत. शेजारीण दिसायला साधी असली तरी आतून घातकी असू शकते, तिच्या नजरेतच काही आहे, ही समजूत माणसाला पुरावा मागू देत नाही. हसवणारी खलनायिका हा साचा ढिला करते. ती तिच्या कृत्यावरून ओळखू येते, रूपावरून किंवा नजरेवरून नाही. तिचा बेत उघडा पडतो, फसतो, आणि तिला कोणी ठेचून मारत नाही. पुढच्या कथेत ती पुन्हा येते. बळी गेलेल्यांच्या दुःखावर कोणी हसू नये, आणि ती मालिका तशी हसलीही नाही. ती हसली ती हेर पेरणाऱ्या सत्तेला आणि तिच्या पोकळ दराऱ्याला. जंगलातल्या माणसावर दोन्ही बाजूंनी संशय लादला जात असताना असं हसू त्याच्याच बाजूचं ठरतं.

म्हणून झाडीपट्टीच्या नाटककारांकडे माझं मागणं साधं आहे. आपल्या रंगभूमीने व्यसनापासून अंधश्रद्धेपर्यंत कितीतरी विषय लोकांपुढे ठेवले आहेत आणि रात्रभर जागणारा प्रेक्षक तिने कमावला आहे. तिच्याकडे विनोदी नटांची परंपरा आहे आणि ताकदीच्या अभिनेत्रीही आहेत. आता या दोघांची गाठ घालावी. कपटी जाऊ असो, सावकाराची हस्तक असो की कारखान्याच्या दलालाची माणूस, तिला एकदा हसवू द्या. तिला बुद्धी द्या, धनी द्या, पोटाची गरज द्या, फसणारे बेत द्या. आणि शेवटच्या अंकात तिचा जीव घेऊ नका. शिक्षा होऊ दे, फजिती होऊ दे, हिशेब चुकता होऊ दे, पण तो तिच्या कृत्याचा. ज्या गावाने रंगमंचावरची वाईट बाई हसत पाहिली आणि तिला जिवंत घरी जाऊ दिलं, त्या गावात उद्या एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवलं गेलं, तर “हिने केलं काय, ते आधी सांगा,” असं विचारणारं कोणी ना कोणी उभं राहण्याची शक्यता वाढते. तेवढी वाढली तरी नाटकाने आपलं काम केलं, असं मी मानेन.