रातकिडा : चूक की बरोबर?



'परागीभवन करणाऱ्या तीन कीटकांची नावे लिहा' या प्रश्नाला सातवीतल्या एका मुलीने मधमाशी, फुलपाखरू आणि रातकिडा असं उत्तर लिहिलं होतं. मी रातकिड्यावर लाल फुली मारली. तो पानंफुलं कुरतडतो, परागीभवन कसलं करतोय! पुढे अँग्रेकम कॅडेटी या आमरीबद्दल वाचलं आणि ती फुली मलाच टोचू लागली.

ही आमरी, म्हणजे ऑर्किड, हिंदी महासागरातल्या रियुनियन आणि मॉरिशस या दोन बेटांवरच्या ओल्या जंगलातच सापडते. ती झाडावर वाढते. पण बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाही, मुळांनी नुसती साल धरून राहते. फुलं हिरवट-पांढरी. फुलाच्या मागे एक आखूड नळी, तिच्यात मध.

एवढं वर्णन आपण फळ्यावर लिहितो, मुलं वहीत उतरवतात आणि पाठ संपतो. माझ्या मते खरा पाठ इथूनच सुरू व्हायला हवा. नळी आखूडच का? हिच्याकडे येतं तरी कोण?

मादागास्करमधल्या अँग्रेकम गटातल्याच एका आमरीची नळी जवळजवळ फूटभर लांब असते. तितक्याच लांब सोंडेचा पतंग असणार, असं डार्विनने 1862 मध्ये लिहिलं आणि पुढे तो खरंच सापडला. आखूड नळीच्या कॅडेटीला असा पतंग कशाला हवा? तिच्या दोन जवळच्या बहिणींचं परागीभवन रियुनियनवर आपल्याकडच्या चष्मेवाल्याच्या जातकुळीतले छोटे पक्षी करतात. मग हिच्याकडेही पक्षीच येत असणार, असं कुणालाही वाटेल.

पण संशोधकांनी रियुनियनच्या जंगलात रात्री कॅमेरे लावले. त्यांत दिसला रातकिड्याच्या गोतातला, बिनपंखांचा एक कीटक. लांब मिशांनी चाचपत तो फुलापाशी येतो, मधासाठी आत डोकं घालतो आणि डोक्याला चिकटलेले परागपुंज पुढच्या फुलात नेतो. नळीचं तोंड नेमकं त्याच्या डोक्याच्या मापाचं! हे संशोधन 2010 मध्ये प्रसिद्ध झालं. नाकतोडे-रातकिड्यांच्या गटातला कीटक परागीभवन करतो, याचा हा पहिला स्पष्ट पुरावा होता.

आमच्या मुलीला रियुनियन ठाऊक नव्हतं. तिने कदाचित परसातल्या भोपळ्याच्या फुलात रातकिडा पाहिला असेल. तो फूल खातही असेल. फुलात दिसलेला प्रत्येक किडा परागीभवन करतोच असं नाही. पण "कुठे पाहिलास गं? काय करत होता?" एवढं मी विचारलं असतं, तर तीच दुसऱ्या दिवशी नीट बघून आली असती. मी विचारलं नाही, मार्क कापला. त्यानंतर तिने आपल्या मनाचं उत्तर कधी लिहिलं नाही.

म्हणून सांगते, फुलाचं वर्णन पाठ करून घेऊ नका. जास्वंदीचं नाहीतर भोपळ्याचं फूल मुलांच्या हातात द्या, रंग-आकार लिहू द्या आणि विचारा, "इथे कोण येत असेल?" पालकांनो, संध्याकाळी दहा मिनिटं तुम्हीही मुलांसोबत त्या वेलीपाशी बसा. उत्तर पुस्तकातलं नसलं तर फुली मारायची घाई मात्र करू नका.