पित्त पोटापुरते नसते

दात खराब होतात ते गोडाने, खोकला येतो तो थंडीने आणि पित्त राहते पोटात, अशी आपण आजारांची वाटणी करून टाकली आहे. तिच्या बाजूने एक हुकमी मुद्दा असतो: जळजळ नाही, आंबट ढेकर नाही, मग आम्ल तोंडापर्यंत येईल कसे?

ते झोपेत येते. जागेपणी लाळ आणि गिळण्याची क्रिया आम्ल धुऊन काढतात. झोपेत दोन्ही मंदावतात. दातांवरचे इनॅमल साधारण 5.5 पीएचच्या खाली विरघळू लागते आणि जठरातले आम्ल त्याहून कितीतरी तीव्र असते. या झिजेची जागाही ठरलेली: वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू गुळगुळीत होते, दाढांच्या माथ्यावर खळगे पडतात. आरशात हे दिसत नाही, म्हणून अनेकदा दंतवैद्यालाच ते आधी कळते. इनॅमल घडवणाऱ्या पेशी दात उगवल्यावर उरत नाहीत. झिजलेले भरून येत नाही. म्हणूनच ‘पुढे बघू’ हे उत्तर मला मान्य नाही.

श्वासाचेही तसेच. आम्लाचे सूक्ष्म थेंब स्वरयंत्रावर पडले की आवाज बसतो, सतत खाकरावे लागते. आम्ल अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशीच राहिले, तरी तिथल्या मज्जातंतूंच्या प्रतिक्रियेने श्वासनलिका आकसू शकतात. खोकला, स्वरयंत्रदाह, दमा आणि दातांची झीज यांचा आम्लाशी असलेला संबंध तज्ज्ञांनी ठरवलेल्या या आजाराच्या मॉन्ट्रियल व्याख्येने 2006 सालीच मान्य केला.

म्हणून प्रत्येक दम्याला पित्ताची गोळी द्यायची का? मुळीच नाही. पित्ताची लक्षणे नसलेल्या किंवा अगदी कमी असलेल्या दमेकऱ्यांना अमेरिकेत 24 आठवडे एसोमेप्राझोल हे आम्ल कमी करणारे औषध देऊन पाहिले. 2009 साली निष्कर्ष आला, दमा आटोक्यात आला नाही. खोकलाही लगेच पित्तावर ढकलू नये: दोन आठवड्यांहून जुन्या खोकल्यात आपल्याकडे थुंकीची क्षयतपासणी आधी.

घरगुती उपायांतही घात आहे. पित्तावर लिंबू-सोडा म्हणजे झिजल्या दातांवर आणखी आम्ल. आंबट पाणी तोंडात आले की लगेच ब्रश फिरवणे त्याहून वाईट, कारण मऊ पडलेले इनॅमल खरवडले जाते. साध्या पाण्याने चूळ भरावी, ब्रशला निदान अर्धा तास थांबावे. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत. उशांची चळत रचू नये, पोट दुमडते. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवाव्यात.

माझी मागणी दोन्ही दवाखान्यांकडे आहे. दंतवैद्याने विचारावे, जेवून किती वेळाने झोपता? आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णाचा घसा बघताना डॉक्टरांनी टॉर्च क्षणभर दातांच्या आतल्या बाजूवरही धरावा.