बोर्डावर लाखेचा एक हात

शहापूर-मुरबाडकडचा पावसाळा ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. वह्यांना बुरशी, दारं फुगलेली, मिठाच्या बरणीत पाणी. अशा हवेत घरी बनवलेला सर्किट बोर्ड उघडा ठेवायचा आणि तो टिकेल असं धरून चालायचं, हा भोळेपणा. तो मी शिक्षक असून केला.

माझ्या एका विद्यार्थ्याने मशिदीच्या वजूच्या टाकीसाठी बझर बनवला होता. टाकी भरली की वाजायचा. भातसा, तानसा आमच्याच तालुक्यात. पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांवर टँकर येतात. वाहून गेलेली बादलीसुद्धा इथे डोळ्यांत खुपते. मुलाने तांब्याच्या बोर्डावर मार्करने रेषा काढल्या, फेरिक क्लोराइडमध्ये नको ते तांबं काढलं, ट्रान्झिस्टर जोडला. विज्ञान प्रदर्शनात कौतुक झालं. जुलैत मात्र टाकी रिकामी असताना मध्यरात्री बझर वाजू लागला. तीन रात्री. जमातीतले एक चाचा म्हणाले, "बेटा, बाजारातलाच आणू."

मुलगा काही बोलला नाही. बोर्ड काढून माझ्याकडे घेऊन आला. तांब्यावर हिरवट थर, डागाभोवती चिकट फ्लक्स. ट्रान्झिस्टर चालू व्हायला अगदी थोडा प्रवाह पुरतो. बोटांच्या घामाचं मीठ, फ्लक्स आणि दमट हवा मिळून तेवढा प्रवाह भलत्याच वाटेने पोचवतात. मुलाचं सर्किट चुकलं नव्हतं. त्यावर लेप द्यायला मी सांगितलं नव्हतं.

इंग्रजीतला 'लॅकर' हा शब्द मुळात आपल्याच लाखेवरून, फारसी-अरबीतून तिकडे गेलेला. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने मला त्याची गंमत वाटते. सावंतवाडीची लाकडी खेळणी याच लाखेने चमकतात. पण आपल्या पावसात स्पिरिटमधली लाख ओल धरून पांढरी पडते. बोर्डासाठी पारदर्शक ॲक्रिलिक स्प्रे बरा. आधी बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून पूर्ण वाळवायचा. ही पायरी गाळली तर लेपाखाली मळ आणि ओल दोन्ही कोंडतात. बझर, स्विच, जोडणीच्या पिना चिकटपट्टीने झाकायच्या. मग दोन पातळ हात, चुलीपासून लांब, उघड्यावर. टाकीत उतरणाऱ्या टोकांना मात्र लेप नको, नाहीतर पाणी कळणारच नाही! नेलपॉलिशही चालतं म्हणतात, तात्पुरतं ठीक.

माझी तक्रार आमच्या शिकवण्याबद्दल आहे. प्रदर्शनं बहुधा कोरड्या हिवाळ्यात होतात. त्या दिवशी दिवा लागला की गुण मिळतात. गेल्या वर्षीची वस्तू यंदा चालते का, हे कुणी विचारत नाही. परीक्षकांनी दहा गुण एक पावसाळा काढलेल्या वस्तूसाठी राखून ठेवावेत. मग खेड्यातल्या मुलाची वस्तू 'शाळेतला खेळ' म्हणून बाजूला पडणार नाही.

मुलाने नवा बोर्ड केला, दोन हात दिले. चाचांनी तो लावू दिला. बाजारातला बझरही शेजारी टांगून ठेवला आहे, असू द्यावा म्हणून.