विजेच्या मोटारींची शर्यत व आपलें काळें रान

अभियांत्रिकी महाविद्यालयांतील मुलें स्वतःच्या हातांनीं विजेची मोटार बांधतात, ती शर्यतींत पळवितात आणि त्यापायीं वर्षभराचे श्रम खर्ची घालतात, हें ऐकून आपल्याकडील पुष्कळ शेतकरी बंधूंस हसूं येईल. कपाशीच्या वेचणीला माणूस मिळत नाहीं, पंपाला कित्येकदां रात्रींचीच वीज मिळते, आणि पोरांना शर्यती सुचतात, असें कोणी म्हटल्यास त्यांत नवल नाहीं. परंतु ज्यांच्या फीसाठीं घरांतला कापूस विकावा लागतो तीं आपलींच मुलें आहेत. तीं तेथें काय शिकतात आणि शिकलेलें कोणाच्या उपयोगी पडतें, हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. आमचें मत असें आहे कीं, ही विद्या शेतकऱ्याच्या मोठ्या कामाची आहे. मात्र ती शेताकडे वळवावयाची असेल तर शर्यतीच्या अटी शेतकऱ्यानें घातल्या पाहिजेत.

प्रथम ही शर्यत म्हणजे काय तें पाहूं. विद्यार्थ्यांनीं मोटार बांधून स्पर्धेंत उतरावें ही पद्धत अमेरिकेंत १९८१ सालीं निघाली. इंग्लंडांत ‘फॉर्म्युला स्टुडंट’ या नांवानें ती १९९८ पासून चालू आहे, आणि विजेच्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग जर्मनींत २०१० सालीं सुरू झाला. पवई येथील आय. आय. टी. च्या विद्यार्थ्यांचा संघ २०१२ पासून विजेच्या गाड्या बांधीत आला असून त्यानें इंग्लंडांतील सिल्व्हरस्टोनच्या मैदानावर आपल्या गाड्या उतरविल्या आहेत. मुंबई-पुण्याच्या इतर महाविद्यालयांचेही संघ आहेत, आणि आपल्या देशांत ‘फॉर्म्युला भारत’ ही स्पर्धा कोइंबतूर येथें भरत आली आहे.

एकमेकांच्या अंगावर गाड्या घालून पुढें जाण्याचा हा खेळ नव्हे. प्रत्येक गाडी घड्याळाशीं पळते. एकंदर १००० गुणांपैकीं जवळजवळ एक-तृतीयांश गुण गाडी न पळवितांच मिळावयाचे असतात. रचना अशीच कां केली, खर्च किती आला, हा माल विकावयाचा झाल्यास हिशेब कसा बसेल, यांचीं उत्तरें परीक्षकांसमोर द्यावीं लागतात. मैदानांत उतरण्यापूर्वीं गाडी ६० अंशांपर्यंत कलती करून पाहतात. तिच्यावर पाण्याचा फवारा मारून वीज कोठें फुटते कीं काय हें तपासतात. चारीही चाकें एकदम अडतात कीं नाहीं हें पाहून ब्रेकची परीक्षा घेतात. सर्वांत अधिक गुण सुमारें २२ किलोमीटरांच्या दीर्घ दौडीला असतात, आणि तींत वीज किती कमी लागली याचे गुण निराळे मिळतात. म्हणजे वेगाबरोबरच टिकाऊपणा आणि काटकसर यांचाही येथें कस लागतो. या दोन गुणांची किंमत शेतकऱ्यास सांगावयास नको.

आतां थोडा हिशेब करूं. नियमाप्रमाणें अशा गाडीस ८० किलोवॅट, म्हणजे सुमारें १०७ अश्वशक्तीपर्यंत जोर घेण्याची मुभा असते. तिच्या बॅटरींत साधारणतः सात-आठ युनिट वीज मावते. तेवढ्या विजेवर पांच अश्वशक्तीचा पंप ढोबळ मानानें दोन तास चालेल. एक लिटर डिझेलपासून ट्रॅक्टरच्या इंजिनाला प्रत्यक्ष कामासाठीं सुमारें तीन युनिटांइतकी शक्ति मिळते. तेवढीच शक्ति साठविण्यास आजच्या बॅटरीचें सुमारें वीस किलो वजन लागतें. यावरून, ताशीं चार-पांच लिटर डिझेल पिणारी नांगरट दिवसभर विजेवर करावयाची तर सात-आठशें किलोंची बॅटरी वाहावी लागेल, आणि ओल्या काळ्या जमिनींत एवढें ओझें माती दाबून टाकील. उलट डवरणीचें लहान यंत्र दोन-तीन अश्वशक्तींत चालूं शकतें. त्याला शर्यतीच्या गाडीएवढीच बॅटरी दिली तर ती तीन तासांहून अधिक पुरेल, आणि तिचें वजन पन्नास किलोंच्या आसपास राहील. शिवाय विजेची मोटर थांबल्या जागेवरून पूर्ण जोर लावूं शकते. गाळांत रुतलेली बंडी काढतांना या गुणाचें मोल कळतें.

सोनालिका कंपनीनें २०२० सालीं, आणि दुर्गापूर येथील केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेनें २०२३ सालीं, विजेचा ट्रॅक्टर पुढें आणला. तेव्हां ही कल्पना हवेंतली नव्हे. परंतु वरील हिशेबानें दिसतें कीं, लहान शेतकऱ्याचें खरें काम ट्रॅक्टरहून लहान यंत्रांनीं होणार आहे; आणि लहान यंत्र हलकें, स्वस्त व न तापणारें करणें हीच तर शर्यतीची गाडी बांधणाऱ्या मुलांची विद्या आहे.

या उद्योगावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा कीं, मुलांनीं पुस्तकें वाचावीं, हात काळे करण्यांत काय आहे? याचें उत्तर वर्ध्याच्या माणसानें दुसऱ्याकडून शिकण्याचें कारण नाहीं. १९३७ च्या ऑक्टोबरांत वर्ध्यासच शिक्षणपरिषद भरली, आणि हातानें काम करीत करीत विद्या मिळवावी हें नई तालीमचें तत्त्व तेथून देशभर गेलें. जो विद्यार्थी स्वतः तार जोडतो, ती जळलेली पाहतो आणि पुन्हां जोडतो, त्याची विद्या पाठांतराची राहत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो असा कीं, गुळगुळीत सडकेवर पळण्यासाठीं बांधलेली गाडी आमच्या चिखलांत काय करणार? आपल्याकडे शंकरपट सर्वांस ठाऊक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानें या शर्यती बंद झाल्या होत्या, आणि २०२३ सालीं त्याच न्यायालयानें राज्याचा कायदा ग्राह्य धरला. पटाचा बैल आणि औताचा बैल एक नसतो, हें पट पाहणारें लहान पोरही जाणतें. पटाच्या बैलाला कोणी वखराला जुंपीत नाहीं. परंतु याच जिल्ह्याच्या गवळाऊ जातीचें उदाहरण याहून निराळें आहे. मराठ्यांच्या फौजेचें सामान जलद वाहून नेण्यास हे बैल उपयोगी पडत; तीच चपळाई पुढें बंडीला आणि औताला लाभली. वेग हा दोष नव्हे. तो कोणत्या कामाला जुंपला जातो यावर सर्व अवलंबून आहे.

येथें एक जुनी गोष्ट आठवावीशी वाटते. १९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. त्याच्या अटी वाचण्यासारख्या होत्या. चरखा वजनानें हलका असावा. बाईमाणसास तो फार श्रम न होतां आठ तास चालवितां यावा. किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी. तो वीस वर्षें टिकावा, आणि वर्षाची दुरुस्ती किमतीच्या पांच टक्क्यांहून अधिक नसावी. बक्षीस कोणासच मिळालें नाहीं. तरीही त्या अटींत मोठें शहाणपण होतें. त्या झोपडींतून निघाल्या होत्या. यंत्र किती थोर आहे असें न विचारतां, वापरणाऱ्या बाईला तें परवडतें काय आणि पेलतें काय, एवढेंच त्या विचारीत होत्या. पुढें १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि मगनवाडींत याच दृष्टीनें घाणी, चक्की, कागद यांवर प्रयोग झाले.

स्पर्धेंत जें मोजलें जातें, तेंच मुलें घडवितात. पाऊणशें मीटर किती सेकंदांत गाठलें हें मोजलें तर मुलें तशी गाडी घडवितील; एक एकर डवरणीला किती युनिट लागले हें मोजलें तर तसें यंत्र घडवितील. याचा दाखलाही महाराष्ट्रांत आहे. राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठांत मोटार-अभियंत्यांच्या संस्थेनें विद्यार्थ्यांची ‘तिफण’ नांवाची स्पर्धा भरविली आहे. भाजीपाल्याचीं रोपें लावण्यासारख्या कामांचीं यंत्रें मुलें तींत बांधतात. तें नांव इंग्रजी आद्याक्षरें जुळवून केलेलें असलें तरी तें शेतकऱ्याच्या औताचें नांव आहे, हें शुभचिन्ह होय.

मग वर्ध्यानें मागें कां राहावें? सेवाग्रामला बापूराव देशमुख अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, मगनवाडींत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे, सेलसुऱ्यास कृषि विज्ञान केंद्र आहे. या तिघांनीं आणि आपल्या संघानें मिळून पोळ्याच्या आधींच्या पंधरवड्यांत, डवरणी चालू असतांना, प्रत्यक्ष रानांत एक स्पर्धा भरवावी असें आम्ही सुचवितों. अटी या असाव्यात. यंत्रानें उभ्या पऱ्हाटींत एक एकर डवरून दाखवावें, आणि मोडलेलीं झाडें मोजून गुण कापावेत. पाऊस झाल्यावर दुसऱ्याच दिवशीं तें वाफशाच्या कडेकडेनें चालवून पाहावें. त्याच बॅटरीवर पांच क्विंटलांची बंडी पाणंदींतून ओढून न्यावी. बॅटरी पंपाच्या जोडणीवर किंवा सौरपटलावर भरतां यावी. यंत्र खोलणें-जोडणें गांवच्या मिस्त्रीला जमावें. म्हाताऱ्या माणसास व बाईमाणसास तें पेलावें. आणि त्याची किंमत एका बैलजोडीच्या आसपास बसावी.

यासाठीं संघावर फार खर्च पडेल असें नाहीं. एकदोन एकर उभें रान, दोन बंड्या, बक्षिसाची माफक थैली आणि परीक्षक म्हणून गांवोगांवचे जाणते शेतकरी एवढें आपण देऊं शकतों. मोडलेल्या पऱ्हाटीची भरपाई रानाच्या धन्यास संघानें आधींच ठरवून द्यावी, म्हणजे रान देणारा मागें हटणार नाहीं. पहिल्या वर्षीं बहुतेक यंत्रें चिखलांत अडकतील. तीं कां अडकलीं हें मुलांनीं बांधावर बसून जाणत्या शेतकऱ्याकडून समजून घ्यावें. हें शिक्षण कोइंबतूरच्या सडकेवर मिळणार नाहीं.

मजूर मिळत नाहीं आणि बैल ठेवणें परवडत नाहीं, या दोन तक्रारी आपण दर बैठकींत करतों. त्यांवर उपाय शोधण्याचें हस्तकौशल्य आपल्याच मुलांच्या हातीं येत आहे. आपण अटी घातल्या नाहींत तर दुसरा कोणी घालील, आणि मग तें कौशल्य दुसऱ्याच्याच कामाला जुंपलें जाईल. संघाच्या पुढील बैठकींत हा विषय घ्यावा, आणि ज्यांचीं मुलें अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत त्या सभासदांनीं त्यांस सोबत आणावें, अशी आमची विनंति आहे.