मागच्या बाकावरचा पट्टा

आमच्या घरी 1999 सालची एक लहानशी मोटार होती. तिच्याविषयी वाईट बोलावे असे तिने काही केले नाही. पंचवीस वर्षे तिने आम्हांस बाजारात नेले, इस्पितळात नेले, मुलांच्या लग्नांना नेले, आणि धापा टाकीत का होईना, चोर्ल्याच्या घाटातून बेळगावहून गोव्यास पोचविले. परंतु खासगी मोटारीच्या नोंदणीची मुदत प्रथम पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते. 2014 साली एकदा आणि 2019 साली दुसऱ्यांदा आम्ही हा सोपस्कार केला. 2024 साली तिसऱ्यांदा ती वेळ आली, तेव्हा आमच्या नेहमीच्या मिस्त्रींनी गाडीखाली डोके घालून पत्रा ठोकून पाहिला, बाहेर येऊन हात पुसले आणि म्हणाले, "सर, आता हिला सोडा. खालनं चाळण झालीय की."

नवीकोरी मोटार घेण्याची ऐपत निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसास कोठून असणार? तीन-चार वर्षे वापरलेली, पण आमच्या जुनीच्या मानाने पुष्कळ नवी, अशी एखादी पाहावी असे ठरले. रात्रीच्या जेवणानंतर घरात सभा भरली. आमचे लक्ष एका लिटरात किती किलोमीटर जाते याकडे. सौभाग्यवतींना डिकी मोठी हवी. आमच्या मातुःश्रींचे वय ब्याऐंशी. त्यांना दार रुंद आणि बैठक उंच पाहिजे, म्हणजे गुडघे न दुखता बसता येईल. चिरंजीवांना पडदा असलेला रेडिओ. सर्वांचे बोलून झाल्यावर सूनबाई म्हणाल्या, "बाबा, मागच्या बाकाला पट्टे आहेत का, हे कुणी पाहणार आहे का?"

सभेत कोणी काही बोलले नाही. न बोलण्यास कारण होते.

2021 सालच्या डिसेंबरात सावंतवाडीच्या लग्नाहून परतताना आंबोलीच्या घाटाच्या अलीकडे एक म्हैस अकस्मात रस्त्यावर आली. गाडी आम्हीच चालवीत होतो. वेग तीसच्या आसपास, म्हणजे सायकलस्वारानेही हसावे इतका. आम्ही ब्रेक दाबला, गाडी थांबली, म्हैस शांतपणे निघून गेली. पण मागच्या बाकावरून उठून दोन पुढच्या आसनांच्या मधल्या फटीत उभी राहिलेली आमची नात, वय वर्षे दोन, तेथून सुटली ती गिअरच्या दांडीवर आदळली. भुवईवर तीन टाके पडले. एक बोट खाली लागले असते तर डोळा गेला असता, असे डॉक्टर म्हणाले. आम्ही देवाचे आभार मानले, म्हशीला दोष दिला आणि तो विषय मिटविला. स्वतःला दोष देण्याचे मात्र राहून गेले. त्या मोटारीच्या मागच्या बाकाला पट्टा नव्हता हे खरे. पण पुढच्या आसनाला होता, आणि तोही आम्ही चौकात पोलीस दिसला म्हणजे खांद्यावर नुसता ओढून धरीत असू, हेही तितकेच खरे. त्या मुलीच्या भुवईत आजही एक रेघ आहे, तेथे केस उगवत नाहीत. सूनबाईंनी तिच्याविषयी कधी एक शब्द काढला नव्हता. त्या रात्रीही काढला नाही.

गाड्या पाहण्यास आरंभ झाला. एका व्यापाऱ्याकडे 2017 सालची एक सुरेख मोटार उभी होती. पासिंग सांगलीचे, रंग चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट, किंमत अपेक्षेहून चाळीस हजारांनी कमी. आम्ही मनातून विसार देऊन मोकळे झालो होतो. मिस्त्री बरोबर होते. त्यांनी इंजिनाकडे पाहिलेसुद्धा नाही. मागचे दार उघडले, पट्टा हातात धरला आणि सावकाश, विहिरीतून दोर ओढावा तसा, शेवटच्या टोकापर्यंत बाहेर ओढून काढला. नेहमी बाहेर असणारा भाग स्वच्छ होता. आतल्या हात-दीड हातावर मात्र मातकट डाग होता, आणि तो जेथे संपत होता तेथे चिखलाची रेघ स्पष्ट दिसत होती.

"सर, हे बघा. ही गाडी पाण्यात बुडालेली आहे."

2019 सालच्या ऑगस्टात कृष्णा आणि पंचगंगा यांनी सांगली-कोल्हापुरात जो हाहाकार केला तो आमच्या वाचकांस सांगावयास नको. इकडे घटप्रभा आणि मलप्रभा यांनीही तेव्हा आमच्या जिल्ह्याची तीच गत केली. त्या पुरात दारात उभ्या असलेल्या मोटारी खिडक्यांपर्यंत बुडाल्या. अशा गाड्यांची बैठक धुता येते, गालिचा बदलता येतो, अत्तर शिंपडता येते. परंतु पट्ट्याची गुंडाळी खांबाच्या पोटात बसलेली असते. ती उलगडून धुण्याचे कोणास सुचत नाही. बुडालेल्या मोटारीच्या तारांना आणि एअरबॅगच्या जोडण्यांना आतून गंज चढतो, आणि तो ऐन वेळी दगा देतो. व्यापाऱ्याने शपथा घेतल्या. आम्ही चहा न घेता उठलो. चाळीस हजारांचा मोह त्या मातकट रेघेने आवरला.

पट्टा हा मोटारीची रोजनिशी असतो, हे आम्हांस त्या दिवशी कळले. मिस्त्रींनी परतीच्या वाटेवर आणखीही शिकविले. पट्ट्याच्या बुडाशी एक लहान कापडी चिठ्ठी शिवलेली असते, तीवर बहुधा पट्टा तयार झाल्याची तारीख असते. मोटार 2018 ची आणि पट्टा 2021 चा असेल, तर मधल्या काळात काय घडले ते विचारावे. मोठ्या धडकेनंतर पट्टे बदलावे लागतात, कारण त्यांचे धागे एकदा ताणले की पुन्हा तितके भरवशाचे राहत नाहीत. पट्टा झटक्याने ओढला तर जागच्या जागी अडकला पाहिजे, हळू ओढला तर सरकला पाहिजे. कडा उसवलेल्या नसाव्यात. किल्ली फिरविताच डॅशबोर्डावरचा एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांत विझला पाहिजे. लागलाच नाही, तर तो कोणी मुद्दाम काढला असेल, आणि विझलाच नाही, तर आत बिघाड आहे. हे सर्व पाहण्यास पाच मिनिटे पुरतात आणि एक पैसाही पडत नाही. आम्ही आयुष्यभर टायरला लाथ मारून मोटारीची परीक्षा करीत आलो!

अखेर ओळखीतल्या एका निवृत्त गृहस्थांची 2021 सालची गाडी मिळाली. पासिंग बेळगावचेच, केए 22. सीमाभागात राहणाऱ्यांनी या गोष्टीस कमी लेखू नये. महाराष्ट्राची वा गोव्याची गाडी स्वस्त दिसते; पण ती बारा महिन्यांहून अधिक काळ या राज्यात ठेवावयाची तर तिकडच्या कचेरीचे ना-हरकत पत्र, इकडे नवी नोंदणी आणि पुन्हा कर, इतके सारे मागे लागते. असो.

आता थोडे पट्ट्याविषयी. आज आपण बांधतो तो खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीन टोकांचा पट्टा 1959 साली स्वीडनमध्ये निघाला. नील्स बोलिन हा त्याचा जनक. हा गृहस्थ आधी विमान-कारखान्यात वैमानिकाला संकटसमयी बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे; तेथून तो व्होल्व्हो कंपनीत आला. त्यापूर्वीचे काही पट्टे पोटावर बकल लावण्याचे होते, आणि धडकेत तेच बकल पोटातील इंद्रियांना इजा करी. बोलिनने ते बाजूला, कमरेपाशी नेले, आणि एका हाताने बांधता येईल असे केले. कंपनीने पेटंट मिळविले, पण ते इतर कारखानदारांस वापरण्यास मोकळे ठेवले. पट्टा बांधण्याची सक्ती प्रथम केली ती ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्याने, 1970 साली.

ताशी पन्नास किलोमीटर वेगाने जाणारी मोटार धडकते, तेव्हा आतील माणसास बसणारा तडाखा सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली घराच्या गच्चीवरून, पडल्याइतका असतो. गाडी सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली असे धरले, तर आमची सतरा किलोंची नात त्या क्षणी सुमारे दोनशे चाळीस किलोंच्या ओढीने पुढे जाईल. मांडीवर घेतलेल्या मुलास आपण घट्ट धरू, असे आयांना वाटते; ते प्रेम खरे, पण ते बाहूंचे बळ नव्हे. आणि मूल व आपण एकाच पट्ट्यात बांधून घेणे हा तर घातच, कारण मोठ्या माणसाचा सगळा भार मुलावर येतो.

मागे बसणारा सुरक्षित, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे. 4 सप्टेंबर 2022 रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर कठड्याला धडकली. गाडी महागडी, एअरबॅगनी सज्ज. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले पण वाचले. मागे बसलेले दोघे, स्वतः मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी, गेले. त्या दोघांनी पट्टे बांधले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे त्याच वर्षी देशात पट्टा न बांधलेले 16,715 लोक मोटार-अपघातांत मरण पावले. त्यांत चालक 8,384 आणि प्रवासी 8,331, जवळजवळ निम्मे निम्मे. एअरबॅग हा पट्ट्याचा साथीदार आहे, पर्याय नव्हे. पट्ट्याने अंग मागे धरलेले असेल, तरच ती पिशवी मदत करते.

कायद्याचे म्हणाल तर मोटार वाहन नियमांनी मागच्या बाकावरील माणसालाही पट्टा बंधनकारक केला आहे, आणि 2019 सालच्या दुरुस्तीने दंड हजार रुपयांवर नेला. राज्याराज्यांतून तो कमी-अधिक झाला असेल. चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने वा मुलांच्या आसनात बांधण्याची जबाबदारीही त्याच दुरुस्तीने घातली. आणि आपण काय करतो? गाडी शिटी वाजवून आठवण देते, तर ती शिटी मुकी करण्यासाठी बकलात नुसती एक खोटी पट्टी खुपसून ठेवतो! असल्या पट्ट्या विकणाऱ्या हजारो जाहिराती सरकारी आदेशाने 2023 साली काढाव्या लागल्या. ज्याने ही पट्टी शोधली त्याच्या बुद्धीचे आम्हांस मोठे आश्चर्य वाटते.

घरात खरा विरोध झाला तो मातुःश्रींकडून. "माझ्या गळ्याला फास लागतो," त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. पट्टा गळ्यावरून जाणे हे बसण्याच्या दोषाचे लक्षण आहे. वरची आडवी पट्टी खांद्याच्या मध्यावरून आणि छातीवरून यावी. खालची पोटावर नव्हे, तर नितंबाच्या हाडांवर घट्ट बसावी. गरोदर स्त्रीने ती पोटाच्या खालून घ्यावी. जाड शाल वा पदराचे थर पट्ट्याखाली राहिले, तर तेवढी ढील धडकेत महाग पडते. आम्ही मातुःश्रींना पाठ टेकवून सरळ बसविले, पदर बाजूला सारला, पट्टा ओढून कमरेवर बसविला. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "आता कुठं लग्नाला न्यायचं तिथं न्या."

नातीची गोष्ट निराळी. पट्टे मोठ्यांच्या मापाचे असतात. सुमारे पावणेपाच फूट उंची होईपर्यंत तो मुलाच्या मानेवर येतो. म्हणून तिच्यासाठी खाली उंची देणारे, पाठीचे, बूस्टर म्हणतात तसले आसन आणले. अगदी तान्ह्या मुलाचे आसन मागे तोंड करून बसविलेले असते, आणि ते पुढच्या एअरबॅगसमोर कधी ठेवू नये. आसनाने मागची एक बाजू अडविली, मातुःश्रींनी दुसरी. मधल्या जागेस फक्त कमरेचा पट्टा आहे. तेथे कोण बसणार, यावर चिरंजीव आणि सौभाग्यवती यांचा अद्याप समेट झालेला नाही. तोवर पाचही जणांनी एकत्र लांबचा प्रवास करावयाचा नाही, असे सूनबाईंनी ठरविले आहे, आणि आम्ही त्यास मान्यता दिली आहे.

एवढे सर्व झाल्यावर गेल्या आठवड्यात आम्ही हौसेने बैठकीला नवी कव्हरे घातली. दुकानातल्या पोऱ्याने ती अशी ताणून बसविली की मागची बकले साफ आत गडप झाली. "मागं कोण लावतंय सर," तो म्हणाला. आम्ही त्याच्याकडून कव्हरे तेथल्या तेथे सोडवून घेतली, बकलांच्या जागी चिरा पाडून कडा शिवून घेतल्या, आणि त्या कामाचे दीडशे रुपये वेगळे दिले. डावीकडची चीर जरा तिरपी झाली आहे. बकल मात्र हाताला येते.