सर्वांत लांबचा फटका हा निकष नव्हे

गोल्फमधील ‘ड्रायव्हर’ या काठीचे डोके ४६० घनसेंटीमीटरांहून मोठे नसावे आणि त्याच्या आघातपृष्ठाची उसळीही ठरावीक मर्यादेतच राहावी, असा दंडक आर. अँड ए. आणि अमेरिकेची गोल्फ संघटना या नियामक संस्थांनी मुकर्रर केलेला असता, टेलरमेडच्या २०२४ सालच्या ‘क्यूआय टेन मॅक्स’ या ड्रायव्हरचे मूल्यमापन एखाद्या दीर्घ फटक्यावरून करणे मला सर्वथा अनुचित वाटते. दोन अक्षांभोवतीच्या जडत्व-आघूर्णांची बेरीज १०,००० ग्रॅम-चौरस सेंटीमीटरांपर्यंत नेल्यामुळे, चेंडू मध्यबिंदू सोडून लागला तरी डोके कमी वळते आणि वेग व दिशा पुष्कळ अंशी टिकतात. हेच त्याचे खरे सामर्थ्य होय. म्हणून ग्राहकाने आपले फटके, विशेषतः चुकलेले, मोजून घ्यावेत, जुन्या ड्रायव्हरशी त्यांचा ताळा पाहावा आणि त्यांचा फैलाव खरोखर आटोक्यात आला असेल तरच नव्या खर्चास मंजुरी द्यावी.